वाईचा घाट आणि आमची साठी

ज्या विश्वावसु संवत्सरांत, म्हणजे शके १८८७ मध्यें, माझा जन्म झाला, तोच संवत्सर शके १९४७ मध्यें फिरून आला. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ नांवांचें हें चक्र मनुष्याच्या आयुष्यांत बहुधा एकदांच पुरें होतें. म्हणून त्या वेळीं शांति करण्याची आपल्यांत चाल आहे. तिला 'उग्ररथ शांति' म्हणतात. भाद्रपदांत मला हृदयविकाराचा झटका येऊन दोन स्टेंट बसविलेले. अशा रथास उग्र म्हणावें हें आमच्या डॉक्टरांस खचित रुचलें नसतें!

घरांत दोन पक्ष पडले. चिरंजीवांच्या मतें कार्यालय घेऊन दोनशें पान करावें. माझी इच्छा इतकीच, कीं वाईस जाऊन कृष्णेला अर्घ्य द्यावें. माझी मुंज तेथें झाली, आणि आजोबांनीं पहिली संध्या तेथल्याच घाटावर शिकविली. अखेर वडील बंधूंनीं तोड काढली, 'होम वाईस, माणसें घरचीं, आणि अण्णानें पायऱ्या उतरावयाच्या नाहींत. पाणी तांब्यांतून वर येईल.' वडिलांचा शब्द मोडण्याची आमच्या घरीं रीत नाहीं, म्हणून मीं होकार दिला.

मार्गशीर्षांत आम्ही पुण्याहून निघालों. खंबाटकीचा घाट चढून सुरूर फाट्यास वळलें कीं थोड्याच वेळांत पांडवगड दिसूं लागतो. विद्यार्थ्यांना घेऊन हा गड मीं अनेकदां चढलों. चढतांना शार्दूलविक्रीडिताचा चरण एका दमांत म्हणून दाखवावयाचा, हा माझा तेव्हांचा बाणा. आतां गाडीच्या खिडकींतून त्याच्याकडे पाहवेना; मीं मान फिरविली.

वाईंत प्रथम ढोल्या गणपतीचें दर्शन घेतलें. गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं इ. स. १७६२ मध्यें हें देऊळ नदीच्या कांठींच बांधलें. त्याची मागील भिंत माशाच्या आकाराची आहे, त्यामुळें पुराचें पाणी तीवर आदळून न राहतां दोन्ही अंगांनीं वाटून जातें. बांधणाऱ्यास नदीचा स्वभाव ठाऊक होता. नाना फडणिसांच्या मेणवलीसही जाऊन आलों. वाड्याखालचा घाट, मेणेश्वराचें देऊळ आणि चिमाजी आप्पांनीं इ. स. १७३९ त वसई जिंकली त्या वेळची ती पोर्तुगीज घंटा हीं सर्व मीं एका पारावर बसूनच नातवंडांस दाखविलीं. 'मेणवली दफ्तर' म्हणून इतिहाससंशोधक ज्याचें नांव घेतात तें नानांचें दफ्तर याच वाड्यांतलें.

शांतीच्या दिवशीं गोळ्यांचा प्रश्न निघाला. रक्ताची गुठळी होऊं नये म्हणून दिलेल्या दोन गोळ्या एकही दिवस चुकवावयाच्या नाहींत, आणि यजमानास तर उपोषण! गुरुजी चांगले शिकलेले होते. व्रताचा भंग न करणाऱ्या ज्या आठ गोष्टी शास्त्रानें सांगितल्या आहेत त्यांत औषधही आहे, हें त्यांनीं मी बोलण्यापूर्वींच सांगितलें. दुधाबरोबर गोळ्या घेतल्या.

होम झाला. मंडळी पानें मांडण्यांत गुंतली, आणि मी तांब्या व धाकटा नातू यांस घेऊन घाटावर आलों. वडील बंधूंस दिलेला शब्द मीं मोडला, हें येथें कबूल करतों.

उतरणें सोपें होतें. पाण्याशीं बसलों, अर्घ्य दिलें. कृष्णेचें पाणी हातांस तसेंच थंड लागलें. मग वर पाहिलें. त्या पायऱ्या मला पूर्वीं कधींच इतक्या दिसल्या नव्हत्या. छातींत धडधड सुरू झाली, ती श्रमाची नव्हे, भयाची. नातू जवळ असतां कांहीं झालें तर तें पोर काय करील, हा विचार त्या वेळीं प्रथम सुचला. आधींच सुचावयास हवा होता.

डॉक्टरांनीं सांगून ठेविलें होतें, कीं बोलतां येईल इतक्याच वेगानें चालावें. बोलणें तुटलें कीं थांबावें. मेघदूताचें वृत्त मंदाक्रांता. त्याची अक्षरें सतरा, यति चारांवर, पुढें सहांवर, शेवटीं सात. मीं एकेक चरण म्हणत, यतीशीं पायरीवर उभा राहत, चढूं लागलों. मध्यें दोनदां बसलों. एकदां सहा अक्षरें पुरीं होईनात, तेव्हां नातवानेंच हात धरून म्हटलें, 'आजोबा, थांबा, घाई नाहीं.' पाठांतर त्याचें नाहीं, पण यति त्यानें बरोबर ओळखला.

माथ्यावर सौभाग्यवती शाल घेऊन उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या, कोणास ठाऊक. रागें भरल्या नाहींत, मला शाल पांघरली, कपाळाचा घाम पुसला, आणि म्हणाल्या, "तांब्या कोठें आहे?"

तांब्या पाण्याकांठींच राहिला होता. नातू धांवत खालीं गेला.