पोहायला शिकण्याचं वय



गेल्या महिन्यात एका रविवारी बैठकीला आम्ही वीस मिनिटं उशिरा पोहोचलो. विषय थकलेल्या शिष्यवृत्तीचा होता आणि कॉलेजची पोरं वेळेवर येऊन बसली होती. आमचे केस ओले बघून एकानं विचारलं, "दादा, पाऊस लागला का वाटेत?" आम्ही खरं ते सांगून टाकलं, "नाही रे, पोहायच्या क्लासला गेलो होतो." सगळे हसले. एक जण मात्र हसला नाही. बैठक संपल्यावर त्यानं आम्हाला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "दादा, राग मानू नका. पण समाजावर रोज अत्याचार होत असताना कार्यकर्त्याला पोहायला वेळ मिळतो कसा?"

उशीर झाला ही आमची चूकच होती, तिची माफी आम्ही तिथेच मागितली. पण त्याचा प्रश्न उशिरापुरता नव्हता. कार्यकर्त्यानं स्वतःच्या आनंदासाठी काही करावं की नाही, हा तो प्रश्न होता. त्या वेळी आम्हाला उत्तर सुचलं नाही. म्हणून आता लिहितोय.

आमचं गाव जालना जिल्ह्यातलं. वडिलांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आपल्या लोकांना पोहरा सोडायची मुभा नव्हती. बायका घागर घेऊन लांब उभ्या राहायच्या, कुणी वरून पाणी ओतलं तर ते घ्यायचं. आमच्या लहानपणापर्यंत वस्तीत हातपंप आला होता आणि "इथं येऊ नका" असं तोंडावर कुणी म्हणत नव्हतं. पण पोहायच्या विहिरी मळ्यात होत्या आणि मळे दुसऱ्यांचे होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्गातली पोरं पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून विहिरीत उड्या मारायची. आम्ही काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायचो. आम्हाला कुणी हाकललं नाही, कारण आम्ही कधी उतरलोच नाही. आई बजावून ठेवायची, "त्येंच्या इहिरीकडं जाऊ नगंस, उगा कालवा व्हईल." आईला पाण्यापेक्षा माणसांची भीती जास्त होती.

त्यामुळे छत्तिसाव्या वर्षी आम्ही नगरपालिकेच्या तलावात उथळ बाजूला, आठ-आठ वर्षांच्या पोरांच्या रांगेत, कठडा घट्ट धरून उभे होतो. डोक्याला रबरी टोपी. शिकवणारे सर म्हणाले, "तोंड पाण्यात घाला." पहिले चार दिवस ते जमलं नाही. अकराव्या दिवशी पाठीवर तरंगता आलं, दहा-बारा सेकंद. कान पाण्याखाली गेले, सगळा आवाज बंद झाला, वर फक्त आभाळ. इतकं हलकं आम्हाला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. बाहेर आल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेतला, तोही नेहमीपेक्षा चांगला लागला.

आता त्या मित्राच्या प्रश्नाकडे वळू. त्याचा युक्तिवाद आम्हाला परका नाही. विशी-पंचविशीत आम्हीही हेच बोलायचो. जयंतीला सलग १८ तास अभ्यासाच्या उपक्रमात आम्ही हौसेनं बसलोय. त्या उपक्रमाचं मोल आजही मानतो. पण त्यातून आम्ही एक चुकीचा निष्कर्ष काढला. ज्याला झोप आहे, ज्याला सुट्टी आहे, तो कच्चा कार्यकर्ता, असं आम्ही धरून चाललो. "तीन वर्षांत एक रविवार घरी नव्हतो" हे आम्ही अभिमानानं सांगायचो. घरी त्या रविवारांची किंमत कोण मोजतंय, हे विचारलं नाही.

एक दिवस आमच्याकडे एक बाई आल्या. नवरा वारलेला, रेशनकार्डावरचं नाव अडलेलं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रं. चौथ्यांदा तेच सांगावं लागलं म्हणून आम्ही त्यांच्यावर खेकसलो. त्या काही बोलल्या नाहीत. पिशवीची गाठ मारली आणि उठल्या. तहसीलमधल्या ज्या खिडकीविरुद्ध आम्ही निवेदनं देत होतो, त्या खिडकीतला आवाज त्या दिवशी आमच्या तोंडून निघाला होता. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन त्यांची माफी मागितली, काम करून दिलं. पण ती गाठ मारणारी बोटं अजून आठवतात. थकलेला कार्यकर्ता फक्त स्वतःचं नुकसान करत नाही. ज्यांच्यासाठी तो थकतो, त्यांच्यावरच तो थकवा उतरवतो.

आपण बाबासाहेबांचं नाव घेऊन स्वतःला कोरडं करून घेतो, तेव्हा बाबासाहेब अर्धेच वाचलेले असतात. त्यांना पुस्तकांइतकीच चांगल्या पेनांची आवड होती. बागेची हौस होती, स्वयंपाकघरात उभं राहून पदार्थ करण्याचीही होती. उत्तर आयुष्यात, प्रकृती साथ देत नसताना ते व्हायोलिन शिकत होते. इतक्या कामाच्या माणसानं नवशिक्या होऊन तारांवर बोटं ठेवली, यात आपल्यासाठी काहीच सांगणं नाही का?

मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडलाच स्त्रियांशी बोलताना बाबासाहेबांनी लुगडं नेसण्याची पद्धत बदला, जातीची ओळख सांगणारे दागिने टाका, नीटनेटक्या राहा, असं सांगितलं. राहणीमान ही त्यांच्या लेखी क्षुल्लक बाब नव्हती. कारण जातिव्यवस्थेनं आपल्याकडून फक्त जमीन आणि अक्षर हिरावलं नाही. चांगलं नेसणं, चांगलं खाणं, सावलीत बसणं, पाण्यात डुंबणं हेही हिरावलं. एम.ए.ला समाजशास्त्रात आम्ही थॉर्स्टाइन व्हेब्लेन शिकलो. फुरसत ही वरच्या वर्गाची प्रतिष्ठेची खूण असते, असं त्यांनी १८९९ सालच्या आपल्या ग्रंथात मांडलं. आपल्या गावगाड्यात उलट बाजूही तितकीच खरी होती. येस्कराला रात्री-अपरात्री हाक आली की उठावं लागे. त्याच्या वेळेवर त्याचाच हक्क नव्हता. त्याच्या नातवानं एक तास स्वतःच्या मर्जीनं घालवला तर त्याला चैन म्हणायची घाई आपण का करावी?

यावर कुणी म्हणेल, मग हप्त्यावर महागडा मोबाइल घेणं आणि कर्ज काढून लग्नात डीजे लावणं हीसुद्धा मुक्तीच का? नाही. इथे तथागतांचा आधार घ्यावा लागतो. अनाथपिंडिकाला उपदेश करताना त्यांनी गृहस्थाची चार सुखं सांगितली: कष्टानं मिळवलेलं जवळ असण्याचं, ते उपभोगण्याचं, कुणाचं देणं नसण्याचं आणि निर्दोष वागण्याचं. उपभोगाला त्यांनी नाकारलं नाही. पण त्याच्या पुढे ऋणमुक्ती ठेवली आणि शेवटच्या सुखाला सर्वांत मोठं मानलं. दुसऱ्या बाजूला अतिकष्टानं पाय रक्ताळून घेणाऱ्या सोण भिक्खूला त्यांनी वीणेचं उदाहरण दिलं. तार फार ताणली तरी सूर बिघडतो, ढिली सोडली तरी बिघडतो. पहिला उपदेश चैनीला आवर घालतो, दुसरा आपल्यासारख्या ताणलेल्या माणसांना.

म्हणून यंदा आमच्या डायरीत मोर्चे, शिबिरं आणि अर्जांच्या यादीशेजारी चार वैयक्तिक उद्दिष्टंही लिहिली आहेत. चुलतभावाकडून घेतलेले उसने पैसे दिवाळीआधी फेडायचे. रोज रात्री अर्धा तास लेकीला गोष्ट वाचून दाखवायची, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. तलावाची एक लांबी न थांबता पार करायची. आणि आईला समुद्र दाखवायचा. ती वर्षानुवर्षं ६ डिसेंबरला दादरला येते, रांगेत उभी राहते, शिवाजी पार्कात रात्र काढते आणि परत गाडीत बसते. मागे सहज म्हणाली, "गर्दी नसताना त्यो समुद्र कसा दिसतो रं?" तिचे गुडघे आता दुखतात. हे काम आम्ही चार वर्षं पुढे ढकलत आलो, दर वेळी कारण चळवळीचंच होतं.

मित्रा, तुझा प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून हे उत्तर. समाजावरचा अन्याय आम्ही तलावाच्या काठावर ठेवून येत नाही. पण पाण्यातून बाहेर आल्यावर त्या बाईंसारख्या कुणाचं चौथ्यांदा ऐकून घेण्याइतकी जागा मनात उरते, हा आमचा अनुभव आहे. आणि तुलाही पोहता येत नसेल, तर का येत नाही, हे एकदा घरी विचारून बघ.

शिष्यवृत्तीची पुढची बैठक रविवारी सकाळी नऊ वाजता आहे. आम्ही वेळेवर हजर असू. केस ओले असतील.

जयभीम!