मासे किती, हे विचारू नका

ठाकुर्लीत परस आता मोजक्यांकडेच उरलं आहे. चोळेगाव, कंचनगावातली जुनी घरं, आणि तळमजल्यावरचे ते नशीबवान, ज्यांच्या मागच्या दारापासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत आठ-दहा फुटांची पट्टी सुटली आहे. अ‍ॅक्वापोनिक्सबद्दल, म्हणजे एकाच पाण्यावर मासे आणि भाजी वाढवण्याबद्दल, विचारायला माझ्याकडे येतात ते बहुतेक हेच लोक. मी मत्स्यशास्त्र शिकलो आणि नोकरीभर टाक्यांतलं पाणी तपासलं, त्यामुळे निवृत्तीनंतर फुकटचा सल्लागार झालो आहे. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती मासे सोडू?’ विचारणारा आगरी घरातला असला तर लगेच दुसरा: ‘जिताडा होईल का?’

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. जिताडा पक्का मांसाहारी. त्याला गोळीखाद्यावर आणणं कष्टाचं, आणि लहान-मोठे एका टाकीत राहिले की मोठा लहानाला गिळून मोकळा होतो. अलिबाग-पेणकडे तळ्यात जिताडा वाढवतात, पण तिथे पाण्याला ऐसपैस जागा असते.

पहिला प्रश्न मात्र मुळातच चुकीचा आहे. मासे मोजून ही व्यवस्था चालत नाही.

मासा आणि पीक एकाच पाण्यात, ही गोष्ट इकडच्या शेतकऱ्याला नवी नाही. पहिल्या पावसात वलगणीचे मासे भातखाचरात चढतात, ते त्याने लहानपणापासून पाहिलेलं असतं. परसात आपण तेच पाणी पंपाने फिरवतो. मासा खातो, त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो आणि साठला की माशालाच मारतो. वाफ्यात भरलेल्या खडीवर वस्ती केलेले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग नायट्रेट. नायट्रेट झाड उचलतं आणि निवळलेलं पाणी टाकीत परत येतं. विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890च्या सुमारास हे जीवाणू वेगळे करून दाखवले.

पालकाला मिळणारं नत्र शेवटी येतं कुठून, तर खाद्याच्या पिशवीतून. म्हणून हिशेब खाद्याच्या ग्रॅमपासून सुरू करायचा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2014 साली छोट्या अ‍ॅक्वापोनिक्सवर एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यातला आकडा असा: पालेभाजीच्या एक चौरस मीटर वाफ्याला रोज 40 ते 50 ग्रॅम खाद्य. टोमॅटो-मिरचीसारख्या फळभाज्यांना 50 ते 80. आपला वाफा एक चौरस मीटरचा आणि खाद्य 45 ग्रॅम धरू. शंभर ग्रॅमचा मासा दिवसाला वजनाच्या साधारण दोन टक्के खातो, म्हणजे दोन ग्रॅम. झाले बावीस मासे, सव्वादोन किलो. नवशिक्याने हजार लिटरमागे दहा किलोच्या वर जाऊ नये, म्हणजे अडीचशे लिटरची टाकी पुरे.

पण हेच बावीस मासे पुढे तीनशे ग्रॅमचे होतात. मग टाकीत साडेसहा किलो मासे, भूक तिप्पट, वाफा तेवढाच. इथेच बहुतेकांच्या टाक्या बसतात. तेव्हा रोजचं खाद्य कायम ठेवायचं आणि मासे वाढतील तसतसे कमी करायचे. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्या, रोजचं खाद्य सकाळीच तोलून डबीत भरा. पाच-दहा मिनिटांत संपेल तेवढंच एका वेळी टाका. आणि दिवाळीत घरी आलेल्या पोरांच्या हाती ती डबी देऊ नका. मासा तोंड उघडतो म्हणून त्याला चकलीही घालणारी मंडळी मी पाहिली आहेत.

आता धीराचा भाग. साधे जंतू परिस्थिती अनुकूल असली तर वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतात. अमोनियावर जगणारे हे जीवाणू त्यालाच अर्धा-एक दिवस घेतात. म्हणून पाणी सुरू केल्यापासून चार ते सहा आठवडे टाकीत मासा नको. नळाचं पाणी हवेचा दगड लावून दिवसभर उघडं ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जाईल. मग रोज चिमूटभर खाद्य नुसतंच कुजायला टाका. एखाद्या जुन्या, निरोगी टाकीच्या गाळणीतली मूठभर खडी मिळाली तर सोन्याहून पिवळं. तपासणीचा थेंबवाला संच मात्र घ्याच. काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी, त्यात थेंब, झाकण लावून हलवायचं आणि थांबायचं. अमोनिया असला तर पिवळा रंग हिरव्याकडे सरकतो. पहिले काही आठवडे तो हिरवा गडद होत जातो, मागाहून नायट्राइटची नळी जांभळी होते. मग एका सकाळी या दोन्ही नळ्या आपल्या मूळ रंगावर येतात आणि नायट्रेटची तेवढी लाल दिसते. त्या दिवशी मासे आणायला निघावं.

डोंबिवलीची एमआयडीसी शेजारी असल्याने निळे ड्रम आणि पिंजऱ्यातल्या हजार लिटरच्या टाक्या भंगारात स्वस्त मिळतात. गोम तिथेच आहे. आत आधी काय होतं, हे ड्रमवाल्याला विचारून उपयोग नसतो. तो ‘साबणाचं होतं’ म्हणून हात झटकतो, आणि साबणही कल्ल्यांना घातकच. ज्यावर ग्लुकोज, सरबताचा अर्क किंवा खाद्यतेल असं मूळ लेबल शाबूत आहे तोच ड्रम घ्या, नाहीतर नवा घ्या.

‘परस नाही, पण गच्ची आहे,’ असं म्हणणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो. फूटभर खोलीच्या एक चौरस मीटर वाफ्यात खडीच साडेचारशे किलोच्या पुढे जाते, पाणी वेगळं. 2015च्या जुलैत ठाकुर्लीतच जुनी इमारत कोसळून माणसं गेली. जमिनीवरसुद्धा मी खडीपेक्षा मंगळुरी कौलांचे तुकडे पसंत करतो. चाळी पाडतात तिथे त्यांचा ढीग पडलेला असतो, ते वजनाला हलके असतात आणि सच्छिद्र असल्याने जीवाणूंना जागा जास्त. फोडून, धुऊन, धूळ निघेपर्यंत पुन्हा धुऊन घ्यायचे.

जीवाणूंच्या कामातून आम्ल तयार होतं, त्यामुळे पाण्याचा सामू हळूहळू उतरतो. तो सहाच्या आसपास आला की जीवाणू काम आवरतं घेतात. त्यावर इलाज ताटातच आहे: तिसऱ्यांचं कालवण झालं की शिंपल्या उकळून, वाळवून जाळीच्या पिशवीत भरून टाकीत सोडा. सामू उतरला की त्या आपोआप विरघळतात. उलट सामू एकदम आठवर नेणं धोक्याचं. तीस अंश तापमानाला सामू सातवर असताना एकूण अमोनियाचा जेमतेम एक टक्का विषारी रूपात असतो, आठवर सात-आठ टक्के. टाकीवर ऊन पडून पाणी हिरवं झालं तर दुपारी सामू असाच चढतो. म्हणून टाकीला सावली आणि वाफ्याला ऊन. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर लोह कमी पडलं समजा. खाद्यात ते पुरेसं नसतं, चिलेटेड लोह वेगळं द्यावं लागतं. माव्यावर मात्र कडुनिंबाचं तेल फवारू नका, मासे जातील. पाण्याच्या झोताने मावा धुऊन काढा.

वीज गेली की भाज्या दिवसभर तग धरतात, मासे काही तासांत वर येऊन धापा टाकू लागतात. ज्या ठाकुर्लीच्या चोळे पॉवर हाऊसने एकेकाळी रेल्वेला वीज पुरवली, तिथल्या माणसाला बॅटरीवर चालणारा एअर पंप घ्या म्हणून सांगताना मला हसू येतं. पण घ्याच.

मासा कोणता? चिलापी या कामाला उत्तम, पण तिच्या संवर्धनाला शासनाची परवानगी लागते. नाल्यातून उल्हास नदीत गेली तर तिथे तिला आवर घालणारं कोणी नाही. थाई मांगूरवर तर बंदीच आहे, कोणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये. रोहू-कटला छोट्या टाकीत खुंटतात आणि उड्या मारून बाहेर पडतात. पहिलं वर्ष गोल्डफिशवर काढा, असं मी सांगतो. लोकांना ते आवडत नाही. चिवट मासा, तेवढाच अमोनिया, आणि तो कढईत पडणार नसल्याने घाई कोणालाच नसते.

खर्चाचं गणित पालकाच्या जुडीवर मांडू नका. स्टेशनबाहेरची जुडी कायमच स्वस्त पडेल. इथे मिळतं ते एका पाण्याची इत्थंभूत ओळख, आणि त्यासाठी वही लागते: खाद्य, सामू, तापमान, मेलेला मासा, सगळं तारखेनिशी. प्रयोग परिवार चालवणाऱ्या श्रीपाद दाभोळकरांचा भर अशाच घरच्या प्रयोगांवर होता.

 पाणी थंडी पडण्याआधीच सुरू करा, डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री जीवाणू मंदावतात. नायट्रेट दिसू लागलं की पालक, माठ, आंबट चुका लावा. एप्रिलच्या उन्हात पालक फुलावर जातो, तेव्हा त्या जागी अळू येऊ द्या. फक्त अळूची मुळं वाफ्यातलं पाणी टाकीत परत नेणाऱ्या सायफनच्या नळीत शिरून पाणी तुंबवतात, म्हणून नळीभोवती भोकं पाडलेला चार इंची पाइप कौलं भरण्याआधीच उभा करून ठेवा.