झरी जामणीच्या पायाखाली

झरी जामणी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवतो. तालुका यवतमाळ जिल्ह्यात, विधानसभेला वणी मतदारसंघात, लोकसभेला चंद्रपुरात. पैनगंगा ओलांडली की तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा लागतो. आठवडी बाजारात मिरचीच्या एकाच ढिगापुढे मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी अशा चार भाषांत भाव होतो आणि कुणाचं काही अडत नाही. पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्याला आमच्याबद्दल काय माहीत आहे असं विचारलं, तर तो दोन गोष्टी सांगतो: शेतकऱ्यांच्या आत्महत्या आणि वाघ. दोन्ही खऱ्या आहेत. पण इथं राहताना, शिकवताना, निवडणुकीची कामं करताना मला जे दिसत गेलं, ते या दोन गोष्टींत मावत नाही.

सुरुवात २०२१ सालापासून करतो. त्या फेब्रुवारीत यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांत करोना पुन्हा उसळला आणि शाळा पुन्हा थंडावल्या. ऑनलाइन वर्गाला मोबाइल लागतो, मोबाइलला रेंज लागते, आणि आमच्याकडे घरात मोबाइल असला तरी रेंज टेकडीवर असते. म्हणून मी मोटारसायकलला पुस्तकांची पिशवी लावून पोडांवर जाऊ लागलो. पोड म्हणजे कोलामांची वस्ती, बहुधा मूळ गावापासून थोडी बाजूला, जंगलाच्या कडेला. महाराष्ट्रात अतिअसुरक्षित म्हणून नोंदलेल्या तीन आदिम जमाती आहेत: कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. त्यांतले कोलाम आमच्याकडचे.

एप्रिलच्या अखेरीस मुकुटबन वनपरिक्षेत्रातली बातमी आली. गुहेत बसलेली एक गर्भवती वाघीण मारली गेली होती आणि तिचे पंजे कापून नेले होते. पोडावर त्या दिवशी अभ्यास झाला नाही. मुलं वाघाला भितात, त्यांच्या घरची गुरं वाघानं नेलेली असतात, तरीही पंजे कापल्याचं ऐकून सगळी गप्प झाली. एक म्हातारे कोलाम बाबा एवढंच म्हणाले, "असं नाय करा लागे."

जूनमध्ये 'शेरनी' आला. अमित मसुरकरचा हा चित्रपट पाहिला आणि आमच्या भागातल्या प्रत्येकाला 'अवनी' आठवली. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यातली ती वाघीण, तेरा माणसांच्या मृत्यूशी जिचं नाव जोडलं गेलं, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घालून मारली गेली. चित्रपटाचं चित्रीकरण मध्य प्रदेशात झालेलं. मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर आठ-दहा मुलांनी डोकी जुळवून तो पाहिला. संपल्यावर एका मुलीनं विचारलं, "सर, अवनीले पकडाले अत्तर लावलं होतं म्हनते, खरं हाय का?"

खरं आहे. अवनीला पकडण्याच्या मोहिमेत कॅल्विन क्लाइन कंपनीचं 'ऑब्सेशन' हे पुरुषांचं अत्तर वापरलं गेलं. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात वेगवेगळी अत्तरं मार्जार कुळातल्या प्राण्यांपुढे ठेवून पाहिली होती, त्यात या अत्तरापाशी ते सर्वाधिक वेळ रेंगाळले. त्यात सिव्हेटोन नावाचं रसायन असतं. जवादी मांजर आपली हद्द आखायला जो स्राव सोडतं, त्याच्या वासाचा गाभा म्हणजे हेच रसायन. वाघाला त्यात दुसऱ्या प्राण्याची निशाणी जाणवते आणि तो थांबून हुंगतो, अंग घासतो. त्या मुलीनं जवादी मांजर पाहिलेलं होतं, तिच्या आजीला त्याचा वास ओळखता येत होता. परदेशी अत्तराच्या बाटलीपासून पोडामागच्या झुडपापर्यंतचं अंतर तिनं क्षणात ओलांडलं. त्यानंतर मुलांना मी टिपेश्वर अभयारण्यातल्या एका वाघाची गोष्ट सांगितली. २०१९ च्या फेब्रुवारीत त्याला रेडिओ कॉलर लावली होती. पावसाळ्यात तो टिपेश्वर सोडून निघाला, तेलंगणाची हद्द ओलांडून परत फिरला आणि शेतं, नाले, महामार्ग पार करत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची एकूण चाल सुमारे तीन हजार किलोमीटर भरली. राज्यांची सीमा वाघाला नसते, ही गोष्ट सीमेवरच्या मुलांना समजावून सांगावी लागली नाही.

त्याच वर्षी आमच्या तालुक्यात आणखी एक घटना घडली, आणि माझ्यासाठी ती सगळ्यांत मोठी होती. शिबला-पारडी परिसरात रस्त्याच्या कामाला जमीन खोदताना दगडी खांबांची रांग उघडी पडली. एकमेकांना खेटून उभे, बाजू सरळ कापल्यासारख्या, बहुतेक षट्कोनी. बघायला आलेल्यांपैकी अनेकांना ते जुन्या हेमाडपंती देवळाचे खांब वाटले. चंद्रपूरचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी ते लाव्हापासून नैसर्गिकरीत्या बनलेले बेसाल्टचे स्तंभ असल्याचं सांगितलं आणि तालुक्याचं नाव पहिल्यांदा देशभरच्या वर्तमानपत्रांत वेगळ्या कारणासाठी छापून आलं.

करोनाचे नियम सैल झाल्यावर मी काही मुलांना तिथं नेलं. एकानं खांबावर हात फिरवत विचारलं, "सर, हे कोनं घडवले?" उत्तर तिथंच देऊन टाकण्याऐवजी मी ते उन्हाळ्यापर्यंत राखून ठेवलं. मे महिन्यात त्यांना काळ्या जमिनीच्या एका वावरात घेऊन गेलो. कापसाची उलंगवाडी होऊन गेलेली, पऱ्हाट्या उपटलेल्या, आणि जमिनीला हात आत जाईल एवढ्या भेगा. "भेगांचे कोपरे मोजा," म्हटलं. मुलं उकिडवी बसून मोजू लागली. पाच, सहा, पुन्हा सहा, कुठे सात.

काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना आक्रसते. सगळीकडून सारखी आक्रसू पाहते, पण जागेवरून हलू शकत नाही, म्हणून फाटते. लाव्हाचंही तसंच होतं, तिथं पाणी जाण्याऐवजी उष्णता जाते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले. आजही पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग त्यांनी व्यापलेला आहे, आणि आमचा तालुका त्यांच्या पूर्वेकडच्या काठाजवळ येतो. एखादा जाड थर निवांत थंड झाला की पृष्ठभागावर भेगा पडतात. तीन भेगा एकमेकींना १२० अंशांत भेटल्या तर कमीत कमी फाटून जास्तीत जास्त ताण मोकळा होतो, आणि तसे कोन जुळत गेले की सहा बाजूंची आकृती तयार होते. थंडावा आत उतरत जातो तशा भेगाही खाली उतरतात आणि स्तंभ उभे राहतात. थंड होण्याचा वेग जास्त असेल तर स्तंभ बारीक, कमी असेल तर जाड. उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेला अशा सुमारे चाळीस हजार स्तंभांसाठी जगभरातून माणसं जातात. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशाच स्तंभांची आहे. स्पिलबर्गच्या १९७७च्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड'मध्ये परग्रहवासी ज्या डोंगरापाशी उतरतात, तो अमेरिकेतला डेव्हिल्स टॉवरही लाव्हारसाच्या स्तंभांचाच. त्या डोंगराचं चित्र मी वर्गात दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "हे त आपल्या शिबल्यासारखं हाय!" शिबला आयर्लंडसारखं किंवा अमेरिकेसारखं आहे असं तो म्हणाला नाही. तो जगाला शिबल्यानं मोजत होता. शिक्षक म्हणून मला याहून मोठं बक्षीस नको.

तेव्हापासून मी तालुक्याकडे खडकांमधून बघू लागलो, आणि इथलं राजकारण मला जास्त नीट कळू लागलं. बेसाल्ट झिजून काळी माती झाली, काळ्या मातीवर कापूस आला, आणि कापसाबरोबर त्याचा भाव हा इथला कायमचा प्रश्न आला. २०२४-२५ साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,५२१ रुपये हमीभाव जाहीर झाला. तो हातात पडतो की नाही, यावर घरातलं लग्न आणि मुलीचं कॉलेज ठरतं. बेसाल्टखाली किंवा त्याच्या शेजारी पैनगंगा गटाचा चुनखडक आहे, डायनासोरच्या कितीतरी आधीच्या उथळ समुद्रात साठलेला. त्यामुळे मुकुटबनला सिमेंट कारखाना आला, रोजगार आला, आणि त्याबरोबर धूळ, ट्रक आणि जमिनीच्या मोबदल्याचे वादही आले. वर्धा खोऱ्यातल्या गोंडवनी थरांत कोळसा आहे, म्हणून वणीभोवती खाणी आहेत. आणि जिथं माती उथळ, मुरमाड, तिथं जंगल टिकलं, जंगलात वाघ टिकला आणि त्याच्या कडेला कोलाम-गोंडांचे पोड राहिले. त्यांचा प्रश्न २००६च्या वनहक्क कायद्यातल्या पट्ट्याचा. प्रचाराच्या भाषणात कापूस, सिमेंट, कोळसा, वाघ, पट्टे हे वेगवेगळे मुद्दे म्हणून येतात. माझ्या लेखी ती एकाच जमिनीची पाच तोंडं आहेत. मतांचा हिशेब मांडणारे पक्ष पाहतात, जात पाहतात. त्यांनी एकदा जमीनही पाहावी.

नदीपलीकडे हीच माती आहे, पण सरकार वेगळं. तेलंगणात २०१८ मध्ये रयतू बंधू योजना सुरू झाली आणि शेतकऱ्याला हंगामाला एकरी चार हजार रुपये मिळू लागले, तेव्हा आमच्याकडच्या चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. सोयरे पलीकडे, देणंघेणं पलीकडे, त्यामुळे तुलना रोज घरात येते. सीमेवरचा मतदार दोन सरकारांचा कारभार शेजारी ठेवून पाहतो. त्याला अडाणी समजणाऱ्यांनी तो किती बारकाईनं हिशेब करतो ते ऐकायला हवं. २०२३च्या मे महिन्यात आमचे खासदार बाळू धानोरकर गेले. पोटनिवडणूक झाली नाही आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत आम्हाला लोकसभेत आवाज नव्हता. याबद्दल लोकांना खरोखर वाईट वाटत होतं, मत कुठल्याही पक्षाचं असो.

१९ एप्रिल २०२४ ला पहिल्याच टप्प्यात लोकसभेचं मतदान झालं. आम्हा शिक्षकांना निवडणुकीची ड्युटी नवी नाही. ड्युटीवर जाताना मला दरवेळी मसुरकरचाच 'न्यूटन' हा चित्रपट आठवतो. दंडकारण्यातल्या ७६ मतदारांसाठी एक कारकून नियमाला धरून उभा राहतो, एवढीच त्याची कथा. तो हट्ट मला पूर्ण पटतो. जंगलाच्या कडेच्या केंद्रावर रणरणत्या उन्हात पायी आलेली म्हातारी बोट पुढे करते, तेव्हा तिच्या एका मतासाठी सगळी यंत्रणा उभी आहे, ही गोष्ट कागदावरची राहत नाही.

निवडणुकीनंतर वर्गात शाईचा प्रश्न निघाला. आईच्या बोटावरची शाई साबणानं का जात नाही? ही शाई १९६२ पासून म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यात बनते. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. ते कातडीवरच्या मिठाशी मिळून सिल्व्हर क्लोराइड बनतं, उजेडात काळं पडतं आणि पाण्यात विरघळत नाही. नवी कातडी येईपर्यंत, नख वाढून कापलं जाईपर्यंत डाग राहतो. जुन्या फोटोग्राफीच्या आणि सिनेमाच्या फिल्मवर चित्र उमटायचं तेही चांदीच्या अशाच प्रकाशात काळ्या पडणाऱ्या क्षारांमुळे. एका डागातून राज्यशास्त्र, रसायन आणि सिनेमा असे तिन्ही विषय त्या दिवशी शिकवून झाले आणि तासाची घंटा झाल्यावरही मुलं उठली नाहीत.

हे सगळं लिहिण्यामागे माझं एक मागणं आहे. शिबला-पारडीचे स्तंभ आज कायद्याच्या नजरेत साधा काळा दगड आहेत, म्हणजे गौण खनिज. गिट्टीसाठी फोडले तर साडेसहा कोटी वर्षांचा पुरावा एका पावसाळ्यात रस्त्याखाली जाईल. १९९६च्या पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा द्यायच्या आधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते, आणि आमच्या तालुक्यातली बरीच गावं पेसाखाली येतात. गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्मांचं उद्यान उभं राहिलं, उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटावरचे लाव्हाचे स्तंभ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून नोंदले. आमच्याकडेही हे होऊ शकतं. ग्रामसभांनी ठराव करावा, की हे स्तंभ आणि तालुक्यात पुढे सापडतील तसे सगळे, फोडायचे नाहीत. तिथं मराठी, कोलामी आणि तेलुगूत फलक लागावा. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेची पहिली सहल तिथं जावी. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, कापसाच्या भावाइतक्याच मोठ्या आवाजात, हा प्रश्न विचारावा. आणि तुम्ही दुसऱ्या तालुक्यात राहत असाल, तर तुमच्या गावाच्या पायाखाली कुठला खडक आहे ते आधी शोधा. मग ज्याला मत दिलंत त्याला विचारा की त्या खडकाचं तो काय करणार आहे.