तीस पट झूमचा हिशेब

बोरा बाजारातल्या दुकानदारानं कॅमेरा माझ्या हातात ठेवला तो रस्त्यापलीकडच्या एका पाटीवर रोखूनच. "बघा मॅडम, तीस पट जवळ! पाटीवरचा नंबर वाचा." नंबर वाचता येत होता. भर दुपार, कडक ऊन, आणि पाटी काही उडून जाणार नव्हती. अशा परीक्षेत नापास होणारा कॅमेरा अजून जन्माला यायचाय.

तीस पट झूम म्हणजे वस्तू तीस पट जवळ, असं नसतं. पण दुकानात उभं राहून हा वाद घालण्यात अर्थ नाही. हा आकडा लेन्सच्या दोन टोकांचा भागाकार असतो. फुल फ्रेमच्या मापात एक टोक 24 मिलिमीटर, दुसरं 720. 720 भागिले 24, झाले 30. नुसत्या डोळ्यांना दिसतं तसं चित्र ढोबळमानानं 50 मिलिमीटरला मिळतं असं धरलं, तर 720 ला वस्तू चौदापट जवळ येते. तेही काही कमी नाही. पक्षी बघणाऱ्यांच्या गळ्यातली दुर्बीण बहुधा आठ पटीचीच असते.

मला हा कॅमेरा हवा होता काझीरंगासाठी. आईला घेऊन जायचंय. ती हिंडती-फिरती आहे, पण जीपमध्ये चढता-उतरताना तिला माझा हात लागतो, म्हणजे माझा एकच हात मोकळा. घरातला डीएसएलआर आणि त्याची लांबडी लेन्स या दौऱ्यात निभणार नाही. फोननं गेंडा टिपायचा तर गवतात एक करडा ठिपका येणार. राहता राहिला खिशात मावणारा, लांबचं दाखवणारा कॅमेरा. भाच्याकडे त्या जातीचा एक होता, तो काही आठवडे मागून घेतला. कंपनीचं नाव मुद्दामच सांगत नाही. जे गुणदोष दिसले ते अख्ख्या वर्गाचे आहेत. 1/2.3 इंची सेन्सर, 18 मेगापिक्सेल, वजन पाव किलोच्या आत, आणि कोपऱ्यातून वर उसळणारा इवलासा व्ह्यूफाइंडर.

तो घेऊन भिगवण गाठलं. कुंभारगावात होडीत बसलो तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं. उजनीचं बॅकवॉटर त्या बाजूला उथळ आहे. नावाड्यानं थोड्या अंतरावर इंजिन बंद केलं आणि बांबूनं होडी रेटायला लागला. "ताई, आता हलू नका. उठले तर पार तिकडच्या काठाला जातील." समोर रोहित पक्ष्यांचा थवा, माना खाली, चोची चिखलात उलट्या खुपसलेल्या.

720 मिलिमीटरला चौकटीची उंची अंतराच्या तिसाव्या हिश्श्याइतकी असते. साठ मीटरवर दोन मीटर. मोठा रोहित मान वर करून उभा राहिला की सव्वा मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे नावाडी थव्यापासून साठेक मीटरवर थांबला, तरी एक अख्खा पक्षी चौकटीत ऐसपैस बसतो. ना डोकं कापलं जातं, ना पाय. कागदावर हे झकास आहे. अडीचशे ग्रॅमच्या वस्तूकडून आणखी काय मागायचं?

उजेड. लेन्स आखूड असताना तिचं ॲपर्चर एफ 3.5 होतं, पूर्ण लांब केली की एफ 6.4. सेन्सरवर पडणारा उजेड तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होतो. त्यातच लांब टोकाला हाताची बारीकशी थरथरही मोठी दिसते, म्हणून शटर वेगानं उघडून मिटायला हवं. उजेड आणखी घटला. मग कॅमेरा परस्पर आयएसओ 1600 वर नेतो. त्या पहाटेचे फोटो छोट्या स्क्रीनवर देखणे दिसत होते. घरी लॅपटॉपवर एक मोठा करून पाहिला. पक्ष्याची बाह्यरेषा ठीक, चोचीचं काळं टोक ठीक, डोळ्याच्या जागी एक फिकट ठिपका. पंखावर मात्र पिसं नव्हतीच, गुलाबी मलम फासल्यासारखा एक सपाट पट्टा होता. एवढ्याशा सेन्सरवर आयएसओ चढवला की चित्रात दाणे येतात, कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर ते पुसायला जातं आणि पिसांच्या बारीक रेघांनाही दाणेच समजतं.

ऊन वर आल्यावर तोच कॅमेरा, तेच पक्षी, आणि फोटो असे की विश्वास बसू नये. आयएसओ 200 च्या आत, चोचीतून ठिबकणारा चिखलाचा थेंब सुटा दिसतोय. पण हेही फार वेळ टिकत नाही. दहाच्या सुमारास पाणी तापायला लागतं, त्याच्यावरची हवा थरथरते आणि लांबच्या पक्ष्यांचे पाय नागमोडी होतात. त्याला लाखभर रुपयांची लेन्सही काही करू शकत नाही. थोडक्यात, लांबच्या टोकाचं राज्य सकाळचे दोनेक तास, आणि मग उतरत्या उन्हात थोडं.

उडते पक्षी सोडूनच द्या. 720 ला आडवी नजर तीन अंशांहूनही कमी उरते. नदी सुरय पाण्यावर सूर मारायला वळली, मी बटण दाबेपर्यंत चौकटीत नुसतं पाणी. काही मॉडेलांत क्षणभर झूम मागे घेऊन हरवलेला पक्षी शोधून देणारं बटण असतं. बसलेल्या शेकाट्यासाठी ते कामाचं, सुरयीपुढे त्याचंही काही चालत नाही.

मला सगळ्यात मोलाचा वाटला तो व्ह्यूफाइंडर. बघायला अगदीच लहान, चष्मेवाल्यांना तर त्रासाचाच. पण उघड्या होडीत उन्हं मागून आली की स्क्रीनवर माझाच चेहरा दिसायचा, रोहित नाही. शिवाय कॅमेरा कपाळाला टेकला आणि कोपरं बरगड्यांना दाबून धरली की हात बराच स्थिर होतो. लांब हात करून स्क्रीनकडे बघत 720 ला फोटो काढणं म्हणजे नशिबावर हवाला. एका हातानं 200 मिलिमीटरपर्यंत जमतं, त्यापुढे नाही. काझीरंगात आई एकदा जीपमध्ये नीट बसली की माझे दोन्ही हात सुटतील, कोपर जीपच्या दांडीवर टेकवता येईल आणि चालकाला इंजिन बंद करायला सांगता येईल.

वेरूळला उलटा अनुभव. कैलास लेण्याच्या चौकात उभं राहिलं की कामाला येतं ते 24 चं टोक. तिथे फोनही तेवढंच देतो. मंदिराच्या दक्षिण अंगाला, सावलीत, रावण कैलास हलवतोय ते शिल्प आहे. तिथे फोननं कॅमेऱ्याला सपशेल मागे टाकलं: फोनच्या मुख्य लेन्सचं ॲपर्चर मोठं, वर तो एकापाठोपाठ अनेक चित्रं घेऊन त्यांचं एक करतो. मात्र डोंगराच्या कडेनं वर गेलं, की मंडपाच्या छतावरचं कमळ आणि त्याच्याभोवतीचे चार सिंह खाली दिसतात. ऊन भरपूर, दगड जागचा हलत नाही. सिंहाच्या आयाळीतले छिन्नीचे घाव मी घरी बसून बघितले. अजिंठ्याला मात्र हा कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा. आत अंधार, आणि फ्लॅशला बंदी. ती योग्यच आहे.

मग एक इंची सेन्सरवाला का नाही घेत, असं भाचा म्हणाला. प्रश्न रास्त आहे. एक इंची सेन्सर प्रत्यक्षात 13.2 बाय 8.8 मिलिमीटर, आमचा साधारण 6.2 बाय 4.6, क्षेत्रफळ चौपट. पॅनासॉनिकचा 2018 चा लुमिक्स टीझेड200 तसा आहे: 24 ते 360 मिलिमीटर, 20 मेगापिक्सेल, व्ह्यूफाइंडरसह, वजन 340 ग्रॅम. 360 चं चित्र मधोमध निम्मं कापलं की 720 एवढी चौकट मिळते, पण उरतात 5 मेगापिक्सेल. कमी उजेडात ते पाचही आमच्या अठरांना भारी पडतील, भर उन्हात नाही पडणार. ज्याला जंगलापेक्षा गावं आणि देवळं जास्त बघायचीत त्यानं डोळे झाकून तो घ्यावा. मला उन्हातला गेंडा हवाय. काझीरंगात डिसेंबरच्या सकाळी धुकं असतं आणि गवतही उंच; गवत जाळून झाल्यावर फेब्रुवारीत लांबवर नजर जाते. म्हणून सहल फेब्रुवारीत ढकलली. कॅमेऱ्यापायी तारखा बदलल्या म्हणून आई अजून हसते.

या जातीचे नवे कॅमेरे आता क्वचितच येतात. 2025 मध्ये आलेला टीझेड99 हा 30 पटीचाच, पण त्याला व्ह्यूफाइंडर नाही. 40 पटीच्या, 960 मिलिमीटरपर्यंत जाणाऱ्या कॅनन एसएक्स740 एचएसलाही नाही. म्हणून मी जुन्या बाजारात शिरले. जुना घेताना एक तपासणी चुकवू नका: झूम पूर्ण लांब करून मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. लेन्सची नळी आत-बाहेर होताना हवा ओढते, हवेबरोबर धूळ जाते आणि सेन्सरवर बसते. लांब टोकाला ॲपर्चर बारीक असल्यानं ती करड्या डागांसारखी उमटते. कॅमेरा उघडल्याशिवाय ती निघत नाही, आणि उघडण्याची मजुरी कधीकधी कॅमेऱ्याच्या किमतीशी जाऊन भिडते. मी पाहिलेल्या पहिल्याच कॅमेऱ्यात असे डाग होते. विकणाऱ्यानं ते ढग आहेत असं सांगितलं.

शेवटी व्ह्यूफाइंडरवाला, 30 पटीचाच घेतला, सोबत एक जास्तीची बॅटरी आणि चेनची छोटी पिशवी. लांबचं, उन्हातलं आणि फारसं न हलणारं काही बघायला जाणार असाल, तर या कॅमेऱ्याला तोड नाही. तुमच्या सहलीत लेणी, संध्याकाळचे बाजार आणि घरची माणसं असतील, तर यावर पैसे घालू नका. हातातला फोन पुरेसा आहे.