दुर्बिणीची जन्मकुंडली

जुन्या दुर्बिणीवर ठळक छापलेलं नाव हे तिचं खरं आडनाव असेलच असं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये, विशेषतः टोकियोच्या इताबाशी भागात, छोट्या कारखान्यांनी परदेशी विक्रेत्यांसाठी ढिगाने दुर्बिणी बनवल्या. नाव विक्रेत्याचं, मेहनत भलत्याचीच! खरा पत्ता बहुतेकदा मधल्या बिजागरीच्या टोकाला बारीक अक्षरांत असतो : ‘जेबी’ आणि पुढे एक आकडा. तो आकडा बॉडी बनवणाऱ्या कारखान्याचा.

जर्मनीची तऱ्हा वेगळी. महायुद्धात तिथल्या लष्करी दुर्बिणींवर कंपनीऐवजी तीन अक्षरी कोड असे. ‘बीएलसी’ म्हणजे येनाची कार्ल झाइस, ‘बीईएच’ म्हणजे वेट्झलारची लाइट्झ. ‘डीडीआर’ दिसलं तर वस्तू १९४९ नंतरची, कारण पूर्व जर्मनी हा देशच तेव्हा जन्मला. आणि नुसत्या आकारावर तर जाऊच नका. प्रिझमच्या डब्याला पुढची नळी वेगळी जोडायची ही झाइसची पद्धत, पण जपान्यांनीही ती सर्रास वापरली.

हे सगळं शिकले ते घरच्या दुर्बिणीपायी. पणजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून इटलीत लढले. तिथल्या जर्मन ऑफिसरची ही दुर्बीण, असं आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगतात. दिवाळीच्या सुट्टीत मी बिजागरीवरचा मळ काढून भिंग धरलं. जेबी! म्हणजे ती घडली तेव्हा लढाई संपून बरीच वर्षं झाली होती.

आई म्हणाली, “कशाला म्हाताऱ्या माणसाचं मन मोडतेस?” पण आजोबांनीच विचारलं, “काय लिहिलंय गं?” खोटं बोलवेना. सांगून टाकलं.

ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “म्हणजे अण्णांनी विकत घेतली. तेव्हा गिरणीत होते. पगार तो केवढा! दर रविवारी मला भाऊच्या धक्क्यावर न्यायचे आणि ही माझ्या हातात द्यायचे. मला बोटींचं फार वेड होतं.”

शत्रूकडून मिळवलेली दुर्बीण मोठी, की पोरासाठी पगारातून घेतलेली? मला तरी उत्तर अवघड वाटलं नाही.

परवा आजोबांचा फोन आला. आता पाहुण्यांना ते बिजागरी दाखवतात, पण अक्षरं दिसत नाहीत, म्हणून मोठं भिंग हवंय. हॉस्टेलमध्ये कुणाकडे जास्तीचं असेल तर प्लीज कळवा!