सोडत, तह आणि सातवं कलम

१८३६ साली अमेरिकी सरकारचे मूल्यमापक चेरोकींच्या दऱ्याखोऱ्यांतून वह्या घेऊन घरोघर फिरले. घर किती लांब, किती रुंद, छप्पर कशाचं, कुंपण केवढं, नांगराखाली जमीन किती एकर, फळझाडं किती, हे सारं टिपून प्रत्येक बाबीपुढे डॉलरमध्ये किंमत मांडली गेली. मेजर रिज या बड्या पुढाऱ्याच्या नावावर अकराशेहून अधिक पीचची आणि चारशेहून अधिक सफरचंदाची झाडं दिसतात, शिवाय नदीवरची फेरीबोट. डोंगरातल्या साध्या शेतकऱ्यापुढे ओंडक्यांचं एक घर, मक्याची कणगी आणि चार-दोन झाडं. ज्यांच्या घरांचा हा पंचनामा चालला होता, त्यांतल्या बहुतेकांनी घर सोडायला होकार दिलेलाच नव्हता.

अमेरिकेतल्या मूळ राष्ट्रांचा कायदेशीर इतिहास हा माझा अभ्यासविषय आहे. चेरोकींच्या हकालपट्टीची गोष्ट सहसा हिवाळ्यापासून सांगतात. बर्फ, गाड्या, घोंगड्या पांघरून चालणारी माणसं. ते चित्र खोटं नाही, पण ते फार उशिरा सुरू होतं. लोक चालायला लागले तोवर मुख्य काम उरकलेलं होतं, आणि ते विधिमंडळात, कचेरीत, सोडतीच्या चिठ्ठ्यांत झालं होतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी कागद वाचायला लावते.

आणि कागद दोन्ही बाजूंचे आहेत, कारण चेरोकीही लिहिणारे होते. आजच्या जॉर्जिया, टेनेसी, अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत पसरलेला हा चेरोकींचा समाज. सेक्वोया नावाच्या चेरोकी कारागिराने १८२१च्या सुमारास आपल्या भाषेसाठी लिपी सिद्ध केली. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. आपल्या बाराखडीसारखं एका अक्षरात व्यंजन-स्वर एकत्र बसवणारी ही लिपी, जेमतेम ८५ अक्षरांची. थोड्याच वर्षांत हजारो लोक तीत वाचू-लिहू लागले. १८२७ साली चेरोकींनी लिखित राज्यघटना स्वीकारली. २१ फेब्रुवारी १८२८ रोजी न्यू इकोटा या त्यांच्या राजधानीतून ‘चेरोकी फीनिक्स’ हे वृत्तपत्र निघालं, चेरोकी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत. संपादक इलायस बुडिनो. त्याच वर्षी जॉन रॉस प्रमुख म्हणून निवडून आले आणि १८६६ साली मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले.

‘सुधारा, शेती करा, शिका, म्हणजे शेजारी म्हणून राहता येईल’ असं अमेरिकी सरकार या लोकांना वर्षानुवर्षं सांगत आलं होतं. त्यांनी ते केलं. त्यात एक भयंकर गोष्टही केली: कापसाच्या मळ्यांवर काळे गुलाम राबवले. १८३५च्या शिरगणतीत सुमारे साडेसोळा हजार चेरोकी आहेत आणि १,५९२ गुलाम. हकालपट्टीत ही माणसंही पश्चिमेकडे नेली गेली, आणि त्यांना तर विचारण्याचाच प्रश्न नव्हता. चेरोकींवरच्या अन्यायाबद्दल बोलताना हा आकडा गाळणाऱ्या लेखनावर माझा विश्वास नाही.

जॉर्जियाला चेरोकींची सुधारणा नको होती, जमीन हवी होती. १८२८-२९मध्ये उत्तर जॉर्जियात सोनं सापडल्यावर तर धीरच उरला नाही. राज्याने चेरोकी प्रदेशावर आपले कायदे लागू केले, चेरोकींचे कायदे रद्दबातल ठरवले, आणि गोऱ्या माणसाविरुद्ध चेरोकीची साक्ष न्यायालयात चालणार नाही असं ठरवलं. या एका तरतुदीचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. कोणी तुमची गुरं हाकून नेली, तुमच्या शेतात कुंपण ठोकलं, तर तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं न्यायालयात अस्तित्वातच नाही. २८ मे १८३० रोजी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनने ‘इंडियन रिमूव्हल ॲक्ट’वर, म्हणजे मूळ राष्ट्रांना पश्चिमेकडे हलवण्याच्या कायद्यावर, सही केली. प्रतिनिधीगृहात मतं पडली होती १०२ विरुद्ध ९७. त्या काळी सगळे असेच विचार करायचे, ही सबब मी नेहमी ऐकते. तिला हे ९७ पुरेसं उत्तर आहे.

मग आली सोडत. १८३२ साली जॉर्जियाने चेरोकींची जमीन मोजून तिचे १६०-१६० एकरांचे तुकडे पाडले, सोन्याच्या पट्ट्यात ४०-४० एकरांचे, आणि ते आपल्या गोऱ्या नागरिकांत चिठ्ठ्या टाकून वाटले. चेरोकी त्या जमिनीवर राहतच होते. १८३५मध्ये जॉन रॉस वॉशिंग्टनहून परतले, तर त्यांच्या घरात सोडतीत नंबर लागलेलं कुटुंब राहायला आलेलं. राष्ट्राचा प्रमुख टेनेसीतल्या एका ओंडक्यांच्या खोलीत राहायला गेला.

चेरोकींनी शस्त्र उचललं नाही, ते न्यायालयात गेले. राज्याचा परवाना न घेता चेरोकी प्रदेशात राहिल्याबद्दल सॅम्युअल वूस्टर आणि एलायझर बटलर या मिशनऱ्यांना जॉर्जियाने चार वर्षं सक्तमजुरी ठोठावली होती. त्या खटल्यात मार्च १८३२मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्या न्यायालयाने निकाल दिला की चेरोकी हे स्वतंत्र राष्ट्र आहे आणि जॉर्जियाचे कायदे तिथे चालत नाहीत. ‘मार्शलने निकाल दिला, आता त्यानेच तो अमलात आणावा’ असं जॅक्सन उद्धटपणे बोलला, हे वाक्य पाठ्यपुस्तकांतही आढळतं; पण ते छापलं गेलं १८६४ साली, त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ वीस वर्षांनी. त्याला तसं बोलायची गरजही नव्हती. जॉर्जियाने निकालाकडे दुर्लक्ष केलं, न्यायालयाचं सत्र संपलं होतं, आणि केंद्राने हात हलवला नाही. दोघा मिशनऱ्यांना १८३३च्या जानेवारीत सोडलं, ते निकाल मानून नव्हे, तडजोड करून.

इथे काही चेरोकींचा धीर सुटला. मेजर रिज, त्यांचा मुलगा जॉन, आणि ‘फीनिक्स’चं संपादकपद सोडलेले बुडिनो या निष्कर्षाला आले की जमीन जाणारच आहे, तर निदान मोबदला घेऊन जावी. २९ डिसेंबर १८३५ रोजी न्यू इकोटात मोजक्या मंडळींनी तहावर सह्या केल्या: पूर्वेकडची सगळी जमीन ५० लाख डॉलरला. त्यांना राष्ट्राने अधिकार दिलेला नव्हता. रॉस यांनी पंधरा हजारांवर नावांचा निषेध-अर्ज वॉशिंग्टनला नेला. सिनेटने तह मंजूर केला, आवश्यक दोन-तृतीयांश बहुमत अवघ्या एका मताने गाठून. रिज यांच्याबद्दल मला राग आणि कणव दोन्ही वाटतात. परवानगीशिवाय जमीन विकणाऱ्याला देहदंड, हा चेरोकींचा कायदा होता. १८०७मध्ये त्याच कारणासाठी डबलहेड या पुढाऱ्याला मारणाऱ्यांत रिज स्वतः होते. सही करताना त्याची किंमत त्यांना ठाऊक होती. २२ जून १८३९ रोजी ते, जॉन आणि बुडिनो, तिघेही मारले गेले.

तहाने घर सोडायला दिलेली मुदत २३ मे १८३८ला संपली. तरीही बहुसंख्य लोकांनी त्या वसंतात नेहमीप्रमाणे मका पेरला होता. रॉस वॉशिंग्टनमध्ये आहेत, काहीतरी होईल. जनरल विनफील्ड स्कॉट यांच्या हाताखालच्या सैनिकांनी मे अखेरपासून माणसं शेतांतून, जेवणावरून उठवली आणि लाकडी खांबांच्या कोंडवाड्यांत आणली. मागोमाग लुटारू घरांत शिरत होते. १८९०च्या आसपास जेम्स मूनी या अभ्यासकाने वृद्धांकडून ऐकून नोंदवलं आहे की चांदीच्या आशेने कबरीही उकरल्या गेल्या. त्या उन्हाळ्यात अवर्षण होतं. छावण्यांत हगवण, गोवर आणि डांग्या खोकला पसरला. सुरुवातीचे तांडे सैन्याने नदीमार्गे रवाना केले, त्यात इतके हाल झाले की रॉस यांनी उरलेल्यांचं स्थलांतर चेरोकींच्या हाती द्यावं म्हणून स्कॉट यांना राजी केलं. मग तांडे ठरले, सुमारे हजार-हजार माणसांचे. प्रत्येकावर चेरोकी म्होरक्या, शिध्याचा हिशेब, वीस माणसांमागे एक गाडी. गाडीत सामान, म्हातारे, आजारी, बाकीचे पायी. नॅशव्हिल, केंटकीतलं हॉपकिन्सव्हिल, ओहायो नदी, मग दक्षिण इलिनॉय. तिथे मिसिसिपी बर्फाच्या तुकड्यांनी भरल्यामुळे काही तांडे ऐन थंडीत आठवडेच्या आठवडे अडकून पडले. शेवटचे लोक १८३९च्या मार्चमध्ये आजच्या ओक्लाहोमात पोचले.

किती मेले? चार हजार हा नेहमी दिला जाणारा आकडा बटलर यांचा, त्याच तुरुंगवास भोगलेल्या मिशनरी डॉक्टरांचा. ते एका तांड्याबरोबर होते आणि हा त्यांचा अंदाज होता. रसेल थॉर्नटन या लोकसंख्या-अभ्यासकाने, स्वतः चेरोकी असलेल्या, या वर्षांत न जन्मलेली मुलंही धरून लोकसंख्येची हानी त्याच्या दुपटीच्याही पुढे जाते असं मांडलं. मोजणी करणारे होते, पण ते शिधा मोजत होते. रॉस यांची पत्नी क्वाटी लिटल रॉकजवळ वारली.

मला सगळ्यांत जास्त थांबवणारे कागद त्यानंतरचे आहेत. १८४२मध्ये चेरोकी राष्ट्राने नव्या मुलखात लोकांकडून नुकसानीचे दावे लिहून घेतले. काही इंग्रजीत, काही सेक्वोयाच्या लिपीत. भांडी, किटल्या, नांगर, डुकरं, कोंबड्या, चरखे, व्हायोलिन, कणगीतला मका. मूल्यमापकांना ज्या वस्तू नोंदवण्याजोग्या वाटल्या नव्हत्या, त्या इथे बायकांनी आणि पुरुषांनी आठवून सांगितल्या. हा विलाप नव्हे, ही मागणी आहे. ‘हे माझं होतं, तुमच्या सैनिकांमुळे गेलं, भरून द्या.’

या चिवटपणामुळेच गोष्ट १८३९ला संपत नाही. न्यू इकोटाच्या तहाच्या पाचव्या कलमात वचन होतं की नवी जमीन चेरोकींच्या संमतीशिवाय कोणत्याही राज्यात सामील होणार नाही. १९०७ साली ओक्लाहोमा राज्य झालं आणि ते वचन मोडलं. पण २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेजारच्या मस्कोगी राष्ट्राच्या बाबतीत ५ विरुद्ध ४ मतांनी म्हटलं की त्यांचा राखीव प्रदेश कायद्याने कधीच रद्द झालेला नाही. पुढच्या वर्षी ओक्लाहोमाच्या न्यायालयाने तेच चेरोकींना लागू केलं. तहाचा शब्द चेरोकींनाही बांधतो. १८६६च्या तहाने त्यांच्या मुक्त गुलामांना नागरिकत्व दिलं होतं. २००७मध्ये चेरोकी मतदारांनी ते काढून घेतलं, २०१७मध्ये संघीय न्यायालयाने तहाच्या आधारे परत दिलं. ते योग्यच झालं.

राहिलं सातवं कलम. काँग्रेसने तरतूद केल्यावर चेरोकींना प्रतिनिधीगृहात आपला प्रतिनिधी पाठवता येईल, असं त्यात लिहिलं आहे. २०१९मध्ये प्रमुख चक हॉस्किन ज्युनियर यांनी त्या जागेसाठी किंबर्ली टीही यांचं नाव दिलं. नोव्हेंबर २०२२मध्ये गृहाच्या समितीपुढे सुनावणी झाली, पण जागा मिळाली नाही. मतदानाचा अधिकार असावा का, इतर राष्ट्रांनाही जागा द्यावी लागेल का, असे प्रश्न निघाले. माझं म्हणणं सरळ आहे: ज्या कागदावर जमीन घेतली तो जर वैध असेल, तर त्याचं सातवं कलमही वैध आहे. सिनेटच्या एका मतावर डोंगर, मळे आणि त्या अकराशे झाडांसकट सगळं घेता आलं, तर एक खुर्ची देण्यासाठी काँग्रेसला आणखी किती काळ हवा, याचं उत्तर चेरोकी आज मागत आहेत, आणि अर्ज दाखल आहे.