हस्ताचा पाऊस, गुलमर्गचा बर्फ

सोलापूरच्या सात रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला थंडी ठाऊक असते ती जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपुरती. उन्हाळ्यात पारा ४४ अंशांवर जाणाऱ्या या गावातून मी फेब्रुवारीत गुलमर्गला स्कीइंग शिकायला गेले, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने जम्मू, पुढे श्रीनगर, टंगमर्ग आणि तिथून चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीने वर. उंची सुमारे २,६५० मीटर. चार पावलं टाकली की धाप लागायची.

पहिला अर्धा तास बुटांतच गेला. कडक प्लास्टिकचे जड बूट, नडगीवर आवळलेले. घोटा हलतच नाही. तळाला चिकटलेला बर्फ काढल्याशिवाय ते स्कीवर बसत नाहीत, हे मला कुठून माहीत असणार? इन्स्ट्रक्टर बर्फात गुडघे टेकून बसले, काठीच्या टोकाने त्यांनी माझ्या बुटाचा तळ खरवडला. "एडी दबाओ, दीदी." खट्! बूट बसला. आणि सपाट जागेवरही पाय आपोआप पुढे सरकू लागले.

पहिला धडा थांबण्याचा. स्कीची टोकं जवळ, टाचा लांब, गुडघे वाकलेले. भीतीने अंग मागे गेलं की ताबा सुटतो; वजन पुढेच, उताराकडे टाकायचं. हे शरीराला पटायला दोन दिवस लागले.

दुपारी इन्स्ट्रक्टर फेरनमध्ये, त्या सैल अंगरख्यात, निखाऱ्यांची कांगडी धरून बसत. त्यांनी मला खारा नून चहा दिला, मी त्यांना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. टंगमर्गकडचा आरिफ खान २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्कीइंग करून आला, हे सांगताना ते ताठ बसले. मग म्हणाले, २०२४च्या जानेवारीत इथे गवत दिसत होतं. ऐन चिल्लई कलानमध्ये, कडाक्याच्या चाळीस दिवसांत, बर्फच नाही. स्की भाड्याने देणारे, स्लेज ओढणारे, सगळे रिकामे. "बर्फ नहीं तो काम नहीं, दीदी."

आमच्याकडेही हस्ताचा पाऊस चुकला की मंगळवेढ्याकडची ज्वारी हातची जाते. माझे मामा तेव्हा अंगणात उभे राहून आभाळाकडे बघत.

चौथ्या दिवशी नवशिक्यांचा उतार मी न पडता उतरले. गुलमर्गला जाल तर फोटोपुरती स्की पायात अडकवून परतू नका. तिथल्या माणसाकडून चार दिवस शिका. बर्फाचे दिवस त्यांच्याकडे मोजकेच असतात.